सामंत डॉक्टरांचं रिव्हॉल्व्हर

सामंत डॉक्टर कुठल्याही खोलीत शिरले की आधी दाराकडे तोंड करून बसता येईल अशी खुर्ची शोधत. सौदीतल्या ताइफमधल्या आमच्या हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये तशी एकच खुर्ची होती, खांबाला पाठ लावून ठेवलेली. तिच्यावर दुसरं कोणी बसलेलं असलं तर डॉक्टर हातात ताट घेऊन उभ्यानंच जेवत, आणि कोणी हटकलंच तर सांगत, "बसून जेवलं की पोट सुटतं हो." पोट त्यांना नव्हतंच. उंच, किंचित वाकलेला, काटकुळा माणूस. चालताना सोबतच्याला ते नेहमी आपल्या उजव्या हाताला घेत. नव्या माणसाला ही काहीतरी अदब वाटायची. डाव्या कानानं त्यांना ऐकूच येत नव्हतं, हे मला ओळख झाल्यावर बऱ्याच दिवसांनी कळलं.

ते लहान मुलांचे डॉक्टर. मी खालच्या मजल्यावरच्या लॅबमध्ये, रक्त आणि थुंकी तपासणारा. माझ्या टेबलावर स्लाइड्सच्या शेजारी एखादं पुस्तक उघडं पडलेलं असायचं म्हणून त्यांनी माझं नाव 'ग्रंथपाल' ठेवलं होतं. "काय ग्रंथपाल, आमच्या पोरीचं प्लेटलेट किती?" असं दारातून विचारत यायचे. प्लेटलेट कमी असले की मात्र पुढं काही बोलायचे नाहीत. कागद घ्यायचे, घडी घालायचे, जिन्यानं वर जायचे.

त्यांचं अरबी कामापुरतं होतं. आयांशी ते नर्सच्या मदतीनं बोलत आणि मुलांशी सरळ मालवणीत. "काय झाला रे तुका? खंय दुखता?" असं म्हणत ते मुलाला उचलून कडेवर घेत, नाहीतर स्वतःच जमिनीवर फतकल मारून बसत आणि त्याला मांडीत ओढत. त्यांची तपासणीची खाट जवळजवळ नवी राहिली होती. हेजाझच्या डोंगरातलं पोर मालवणी ऐकून रडायचं थांबे, यावर मी एकदा शंका काढली तेव्हा म्हणाले, "तापातल्या पोराला भाषा लागत नाही ग्रंथपाल. पोट लागतं. कोणाच्या तरी पोटाला चिकटायचं असतं त्याला." कान, घसा, छाती, सगळं ते असं पोटाशी धरूनच तपासत.

अशा माणसाला रिव्हॉल्व्हर हवं होतं.

हे मला पहिल्यांदा शैलावहिनींकडून कळलं. हॉस्पिटलच्या वसाहतीत त्यांचा आणि माझा फ्लॅट एकाच मजल्यावर होता. शुक्रवारी सकाळी त्यांच्याकडं आंबोळी व्हायची आणि मला बोलावणं असायचं. अशाच एका शुक्रवारी डॉक्टर लॅपटॉपवर काहीतरी बघत बसले होते. वहिनींनी ताट पुढं केलं आणि म्हणाल्या, "विचारा ना, कोणाची छबी बघताहेत ते. मला बघायला आले तेव्हा एवढं निरखून बघितलं नव्हतं."

"तेव्हा एकच स्थळ होतं," डॉक्टर मान वर न करता म्हणाले.

पडद्यावर आखूड नळीचं, मुठीत मावेल असं एक काळं रिव्हॉल्व्हर होतं.

मी दचकलो. या देशात आमच्यासारख्यानं असली वस्तू जवळ बाळगण्याचा प्रश्नच नव्हता. डॉक्टरांनी हसून लॅपटॉप माझ्याकडं वळवला. "इथं नाही हो. घरी गेल्यावर. रीतसर परवाना काढून."

आणि मग त्यांनी मला समजावलं, जसं ते एखाद्या आईला जुलाबाच्या औषधाचं समजावत, तितक्याच शांतपणे. मॅग्नम म्हणजे लांब काडतूस, जास्त दारू, जबरदस्त मार. मोठं रिव्हॉल्व्हर त्यातला धक्का पचवतं. पण मोठं रिव्हॉल्व्हर लपत नाही, आणि दवाखान्यात पट्ट्याला बंदूक लावून बसलेल्या डॉक्टरकडं मुलं घेऊन कोण येणार? म्हणून लहान हवं, कपड्यांखाली न दिसणारं. पण लहान म्हणजे हलकं, आणि जितकं हलकं तितका हाताला हिसका जास्त. पाच गोळ्यांचं घेतलं तर सडपातळ बसतं, सहाचं घेतलं तर फुगवटा दिसतो. मागचा घोडा बाहेर असला तर खिशातून काढताना कापडात अडकतो, म्हणून तो आत झाकलेला बरा. भारतात परदेशी बनावटीचं नवं मिळत नाही, एखाद्या परवानाधारकाकडून जुनं घ्यावं लागतं. कोल्हापूरच्या एका वृद्ध गृहस्थांकडं त्यांना हवं तसं होतं. फोनवर बोलणंही झालं होतं.

"मग अडलंय कुठं?" मी विचारलं.

"ठरत नाही," डॉक्टर म्हणाले.

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ते ठरलं की आपण गावी जाणार आहोत हो. असं ठरलंय."

त्यांच्या बोलण्यात थट्टा होती, पण आंबोळी उलटण्यासाठी त्यांनी डावा हात वापरला ते माझ्या लक्षात आलं. उजवं मनगट त्यांना नीट वळवता येत नसे.

त्या संध्याकाळबद्दल डॉक्टर 'हल्ला' हा शब्द कधी वापरत नसत. 'ती संध्याकाळ' एवढंच म्हणत. सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावात त्यांचा दवाखाना होता. खाली औषधाचं दुकान, वर आठ खाटा, मधे अरुंद सिमेंटचा जिना. डेंग्यूची एक मुलगी फार उशिरा आली. डॉक्टर तिला गोव्याला हलवायच्या तयारीत होते, गाडीही दारात लागली होती, आणि ती गाडीत ठेवता ठेवताच गेली. तासाभरानं जिन्यावर पावलं वाजली. खूप पावलं. पुढचं मला वहिनींनी सांगितलं तेही अर्धंच. डॉक्टरांच्या कानावर काहीतरी लोखंडी बसलं. मधे पडलेल्या वहिनींचा हात मोडला. आठही खाटा वरून रस्त्यावर फेकल्या गेल्या. पुढच्या वर्षी डॉक्टर सौदीला आले. दवाखाना विकला नाही. कुलूप लावून ठेवला.

वहिनींना परत जायचं होतं. त्या तिथं काउंटरवर बसत, नाव लिहून घेत, तापातल्या मुलांच्या कपाळावर पट्ट्या ठेवत. इथं त्यांना काम नव्हतं. "मोडला माझा हात, आणि भ्यायले हे," असं त्या एकदा म्हणाल्या. कडवटपणे नाही, हवामान सांगावं तसं.

एका हिवाळ्यात सामंत डॉक्टरांना हर्निया झाल्याची बातमी हॉस्पिटलभर पसरली. सर्जरीतल्या इजिप्शियन डॉक्टरनं त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणे पोटाला हातही लावून बघितला. खरा प्रकार असा होता की डॉक्टरांनी वहिनींकडून जुन्या चादरीची एक पिशवी शिवून घेतली होती. तिच्यात वाळू भरून ती कमरेला पट्ट्याखाली बांधून ते दिवसभर काम करत होते. रिव्हॉल्व्हरचं वजन घेऊन वावरता येतं का, हे बघायला. वजन अचूक असावं म्हणून त्यांनी ती पिशवी नवजात बाळांच्या काट्यावर ठेवली. मल्याळी सिस्टर तिथंच होती. तिनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "डॉक्टरसाब, बेबी का नाम क्या लिखूँ?"

"अभी ठहरा नहीं," डॉक्टर म्हणाले.

ही गोष्ट त्यांनीच आम्हाला हसत हसत सांगितली. मग थांबले आणि म्हणाले, "स्टीलचं म्हणजे चोवीस आठवड्यांत झालेल्या बाळाएवढं भरतं. नशीब असलं तर जगतं. हलक्या धातूचं त्याच्या निम्मं. तेवढं मूल आपण वाचवूच शकत नाही." वहिनी उठून आत गेल्या.

वाळूच्या पिशवीनं त्यांना फार छळलं. उजव्या कमरेला बांधली तर तिथं कडेवरचं मूल बसे. डावीकडं सरकवली तर मांडीतल्या मुलाची पाठ तिच्यावर टेके. काखेत बांधून बघितली. पण न्यूमोनियाची मुलं नेमकी तिथंच डोकं खुपसतात. पायाच्या घोट्याला बांधली तर, डॉक्टर जमिनीवर बसलेले, आणि रांगती पोरं आधी पायाशीच येतात. राहिला खिसा. खिशात तर मुलं न विचारता हात घालत, कारण तिथं जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या असत आणि डॉक्टर त्यांवर पेनानं डोळे-मिशा काढून देत.

एका दुपारी मी रिपोर्ट द्यायला वर गेलो तेव्हा डॉक्टर जमिनीवर बसलेले होते आणि त्यांच्यासमोर तीनेक वर्षांची एक मुलगी वाळूत खेळत होती. पिशवीची शिवण तिनं ओढून उसवली होती. बुरख्यातली आई घाबरून माफी मागत होती आणि सिस्टर तोंडाला रुमाल लावून हसू दाबत होती. डॉक्टर मुलीला म्हणत होते, "घे, घे. आणि घे. किल्लो बांध त्याचो." मला बघून त्यांनी दोन्ही हात झटकले. "खलास, ग्रंथपाल. अंगावर जागाच नाही. सगळी आधीच यांना देऊन बसलोय."

मला वाटलं, विषय संपला. पण भीती अशी पटकन हरत नसते. पुढच्या शुक्रवारी लॅपटॉप पुन्हा उघडा होता. आता टेबलाच्या खणात ठेवण्याचा विचार चालला होता. खण कुठल्या हाताला हवा, उघडायला किती वेळ लागेल, त्या वेळात माणूस जिन्याच्या कोणत्या पायरीवर असेल. वहिनी ऐकत होत्या. मधेच त्या म्हणाल्या, "आणि ते वाजलं की? बंद खोलीत?"

डॉक्टरांनी मान डोलावली. त्याची चौकशी त्यांनी आधीच केली होती. आखूड नळीच्या मॅग्नमचा आवाज बंद खोलीत इतका मोठा होतो की कान कायमचा जाऊ शकतो, असं कानाच्या डॉक्टरनं त्यांना सांगितलं होतं.

"एकच कान उरलाय तुमचा," वहिनी म्हणाल्या. "त्याच्यावर पोरांच्या छात्या ऐकता. तो गेला तर काय राखलंत रिव्हॉल्व्हरनं?"

"जीव."

"कशाला?"

मी चहाचा कप खाली ठेवला, तर त्याचा आवाजसुद्धा मोठा वाटला. थोड्या वेळानं डॉक्टरच म्हणाले, "शैला, तू बरोबर आहेस. पण बरोबर असून माझी छाती धडधडायची थांबत नाही त्याला काय करू?"

त्या उन्हाळ्यात ती दोघं रजेवर गावी गेली. या वेळी परवान्याचं काम करूनच यायचं, असा डॉक्टरांचा निश्चय होता. कोल्हापूरच्या गृहस्थांना त्यांनी तसं कळवलंही. अर्ज गेला आणि चौकशीसाठी पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. तिथं काय झालं ते मला वहिनींनी फोनवर सांगितलं. त्या बरोबर गेल्या होत्या.

इन्स्पेक्टर तरुण होता, आणि अदबशीर. त्याच्या भावाचं मूल एकेकाळी डॉक्टरांकडंच औषधाला येई. त्यानं चहा मागवला. म्हणाला, "सर, तुमची केस स्ट्राँग आहे. फक्त धोका कोणापासून आहे ते स्पष्ट सांगा. त्या वेळच्या केसमध्ये मुलीच्या वडिलांचं नाव आहेच. तेच सांगितलंत तरी पुरे."

"तो काय करतो हल्ली?" डॉक्टरांनी विचारलं.

"टेम्पो चालवतो. गोव्याला मासळी नेतो."

"परत काही केलं त्यानं? कोणाला?"

"नाही सर. साधा माणूस आहे. पण अर्जासाठी नाव लागतं. मी वर पाठवतो, होऊन जाईल."

डॉक्टरांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "त्याच्यापासून मला धोका नाही."

"मग कोणापासून?"

"कोणापासूनच नाही."

इन्स्पेक्टरनं वहिनींकडं बघितलं. वहिनी म्हणाल्या, "अहो, नीट सांगा ना." कारण परवाना मिळाला तर परत येणं होणार होतं, हे त्या विसरल्या नव्हत्या. त्यांना तो कागद हवा होता, रिव्हॉल्व्हर गेलं खड्ड्यात.

"त्याची मुलगी माझ्या हातात गेली," डॉक्टर म्हणाले. "आता त्याच्यापासून माझ्या जिवाला धोका आहे, असंही मी लिहून देऊ? माझ्या हातून हे व्हायचं नाही."

"सर, मग परवाना होणार नाही," इन्स्पेक्टर म्हणाला. डॉक्टरांनी चहा संपवला, त्याच्या पुतण्याची चौकशी केली आणि उठले.

मला हे ऐकून वाटलं, सुटले. आता ते रिव्हॉल्व्हरशिवाय परत जातील. मी पुस्तकी माणूस. पुस्तकात एकदा माणूस मोठा झाला की तो मोठाच राहतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्याचं कुलूप काढलं. वहिनींनी झाडलोट केली, टेबल पुसलं, खिडक्या उघडल्या. डॉक्टर खुर्चीवर बसले. ती दाराकडं तोंड करूनच होती. कोणीतरी बघितलं असावं, कारण थोड्या वेळात जिन्यावर पावलं वाजली. एक म्हातारी नातवाला घेऊन येत होती, खोकल्यासाठी. वहिनी तिला सामोरं जायला वळल्या, आणि मागं बघतात तर डॉक्टर खुर्चीवर नव्हते. ते आतल्या खोलीत, औषधांच्या रिकाम्या कपाटामागं उभे होते. घामानं निथळत होते. म्हातारीला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःचं तोंड हातानं दाबून धरलं होतं.

डॉक्टर एकटे परत आले. वहिनी आल्या नाहीत.

भांडण झालं नव्हतं. त्या रोज फोन करत. "दवाखाना उघडून बसते सकाळचा," म्हणायच्या. "औषध देत नाही, पण वजनं करते पोरांची. येणाऱ्यांना सांगते, येताहेत म्हणून." डॉक्टर "हो, हो" म्हणत. करार संपत आला तसं हॉस्पिटलनं विचारलं. त्यांनी दोन वर्षं वाढवून घेतली. मला सांगितलं तेव्हा माझ्याकडं बघत नव्हते. "पुढच्या वेळी नक्की," म्हणाले. आता लॅपटॉपवर रिव्हॉल्व्हर नसे. एकदा मी विषय काढला, तर म्हणाले, "ते विकलं हो कोल्हापूरच्यांनी. बरं झालं." आणि थोड्या वेळानं, "आता काय निमित्त सांगू शैलाला?"

शुक्रवारची आंबोळी बंद झाली होती. मीच त्यांना माझ्याकडं बोलवू लागलो. माझ्या घरी दाराकडं तोंड करणारी खुर्ची नव्हती, म्हणून मी सोफा फिरवून ठेवला. त्यांनी तो बघितला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बसले. माझ्या घरात तेव्हापासून तो सोफा तसाच आहे.

या वर्षी, डोंगरातल्या बागांत गुलाब फुलायच्या दिवसांत, सामंत डॉक्टर गेले. पहाटे झोपेत, हृदय थांबून. ड्यूटीवर आले नाहीत म्हणून सिस्टरनं मला फोन केला. वहिनींना मी कळवलं. त्यांनी अगदी हळू विचारलं, "आता येताहेत ना? की अजून काही कागद राहिलाय?" कागद बरेच होते. हॉस्पिटलचा, पोलिसांचा, दूतावासाचा. जेद्दाहून विमानात ठेवेपर्यंत मी बरोबर होतो. पण ते डॉक्टरांचं शेवटचं दर्शन, असं मी मानत नाही.

मी मानतो ते आदल्या दुपारचं. मी वॉर्डात रिपोर्ट घेऊन गेलो होतो. दोन वर्षांचा एक मुलगा सलाइन काढल्यापासून रडत होता, कोणाच्या हाताला लागत नव्हता. "बैत, बैत," एवढंच म्हणत होता. घर, घर. त्याची आई औषधं आणायला खाली गेली होती. डॉक्टरांनी त्याला उचललं. त्यानं त्यांच्या पोटाला विळखा घातला आणि हुंदके देत राहिला.

"घराक जावचा हा तुका?" डॉक्टर त्याच्या केसांत बोलले. "माका पण. चल, दोघव जावया."

आणि ते खरंच निघाले. लांब कॉरिडॉरमधून, खाटांच्या मधून, त्याला थोपटत, काहीतरी सांगत. मुलगा गप्प झाला, मान वर करून पुढं बघू लागला. टोकाला लिफ्ट होती. तिचं दार उघडलं, आतली माणसं बाहेर आली आणि दार त्यांच्यासाठी तसंच उघडं राहिलं. डॉक्टर त्याच्यासमोर थांबले. आत कोणी नव्हतं. मग दार मिटलं, आणि ते मुलाला छातीशी धरून परत वळले.